सान प्वेच्या मांड्या

लेतितच्या बायका पुरुषाचं तोंड नंतर बघतात, आधी मांड्या बघतात. त्यात वावगं काही नाही. सगळं गाव पाण्यात, घरं खांबांवर, शेजारणीकडे मीठ मागायला जायचं तरी होडी काढावी लागते, आणि आमच्याकडे होडी हाकतात पायाने. होडीच्या टोकावर एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय वल्ह्याला वेटाळायचा आणि कमरेपासून रेटा द्यायचा. हात जाळ्यासाठी मोकळे राहतात. इनले सरोवरावरच्या पोराला चालण्याचं कौतुक नसतं, चालायला जमीनच नाही. पोरगं होडीच्या टोकावर उभं राहिलं की त्या दिवशी आई शेजारी भात वाटते.

ऊ सान प्वेच्या मांड्या एके काळी गावात पहिल्या होत्या. सणाला बुद्धमूर्ती नेणाऱ्या लांब नावेत शंभर वल्हेकरी असतात. त्यांतल्या अगदी पुढच्या जागेवर तो सलग अठरा वर्षं उभा राहिला. बाकीच्या दिवसांत तो तरत्या मळ्यात टोमॅटो लावायचा. ह्या मळ्यांना तळातलं शेवाळ लागतं. ते लांब बांबूने उपसायचं, ओलंचिंब होडीत ओढायचं, होडीचा काठ पाण्याला टेकेपर्यंत ती भरायची आणि ती पायानेच रेटत घरी आणायची. असं त्याने पंचेचाळीस वर्षं केलं. त्याची बायको, दॉ न्वे यी, चारचौघांत म्हणायची, "तोंडाकडे बघून कोण ह्याच्या गळ्यात पडलं असतं? मी पाय बघितले आणि फसले." तो खूश व्हायचा आणि लुंगी आणखी थोडी वर खोचायचा.

हे एवढं सांगून ठेवायला हवं. पुढे जे झालं ते ह्याच मांड्यांचं झालं, आणि गावभर डोळे असून कुणाला ते दिसलं नाही.

तो त्रेसष्ट वर्षांचा झाला तेव्हा मुलगा झॉ वेय तौंजीहून होडीचं इंजिन घेऊन आला. तौंजी वर डोंगरात आहे, तिथे त्याचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगा गुणी होता. गुणी मुलं आईबापांना बसवतात, ही आमच्याकडची रीतच आहे. बाप वल्हं मारताना दिसला तर लोक मुलाला नावं ठेवतात.

"अबा, आता पुरे," झॉ वेय म्हणाला. "मळा भाड्याने दिलाय. तुम्ही बसा, चहा प्या, जप करा. अंगाला तोशीस लागता कामा नये."

"आणि मी?" न्वे यीने विचारलं.

"तूही बस, अमे."

"मी बसले तर तुझा अबा खाईल काय? जप?"

ती बसली नाही. सान प्वे मात्र बसला. पहिल्या वर्षी त्याला चुकल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या वर्षी गोडी लागली. दोरी ओढली की इंजिन फडफडायचं आणि होडी आपोआप पळायची. हा मागच्या फळीवर मांडी घालून, सुकाणूला दोन बोटं लावून, एखाद्या जमीनदारासारखा बसायचा. तिसऱ्या वर्षी ते सुकाणूही शेजारच्या बो न्युनने घेतलं, कारण म्हाताऱ्या माणसाला होडी चालवू देणं तरण्याताठ्याला शोभत नाही. माणसाला मारायचं असेल तर त्याचा असा मान करावा.

अडुसष्टाव्या वर्षी त्याला ताप आला. तीन आठवडे तो चटईवर पडून होता. न्वे यी भाताची पेज भरवायची, शेजारच्या बाया अंग चेपायच्या, आणि कुणी येईल तो एकच सांगायचा, "हलू नका अबा, ताकद साठू द्या." ताकद साठत नसते. ती वापरली नाही तर घर सोडून जाते, आणि म्हाताऱ्या अंगातून तर तीन आठवड्यांत एवढी जाते की तरण्या अंगातून तीन महिन्यांतही जायची नाही. पण हे सांगणारं तेव्हा गावात कुणी नव्हतं. ताप उतरला तेव्हा सान प्वेने आपल्या मांडीला हात लावला. कातडं हाताला लागलं. खाली जे असायचं ते फारसं लागलं नाही. त्याने लुंगी घोट्यापर्यंत सोडली आणि त्यानंतर ती कधी वर खोचली नाही.

मग पौर्णिमेचा उपोसथ, म्हणजे मठात जायचा व्रताचा दिवस, आला. मठाच्या सभागृहात सगळं गाव जमलं होतं. सान प्वेने बुद्धापुढे गुडघे टेकले, कपाळ फळीला लावलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तो उठला नाही.

म्हणजे उठायला गेला. मांड्या थरथरल्या आणि जागच्या जागी विझल्या. पाठीला घाम फुटला. मागे दोनशे माणसं होती, त्यांतली निम्मी त्याच्या पायांच्या गोष्टी ऐकत वाढली होती. हाक मारावी तर अब्रू जाणार. त्याने कपाळ पुन्हा फळीला लावलं आणि डोळे मिटून तसाच राहिला. लोक आपापली वंदना आटोपून उठले, चहाला गेले, आले. हा तसाच. शेवटी सभागृह रिकामं झालं तेव्हा खांबाला धरून, हातांवर सगळा भार टाकून तो कसाबसा उभा झाला.

दाराशी बो न्युनची बायको हात जोडून उभी होती. "अबा," ती हळू आवाजात म्हणाली, "तासभर! आमचं मन तर दोन घटका ठरत नाही."

इथे खरं बोलायची वेळ होती. सान प्वेने तोंड उघडलं आणि मान लववली.

बस्स. आठवड्याभरात गावाला कळलं की सान प्वेला ध्यान लागतं. पुढच्या उपोसथाला त्याच्यासाठी खांबाजवळची जागा राखली होती. त्याला होडीतून दोघं दंडाला धरून उतरवायचे, दोघं चढवायचे, आणि ह्यात कुणाला दुबळेपणा दिसला नाही, कारण मोठमोठ्या भिक्खूंनाही असंच धरून उतरवतात. कुणी अंडी आणायचं, तर हा ती मठाला पाठवायचा, व्रती माणसाला मिताहार शोभतो म्हणून. संध्याकाळचं जेवणही सोडलं. मांसमच्छी सोडली. पोटात काही नाही आणि पायांना काम नाही, मग मांड्यांनी करायचं काय? त्या आपल्या मुकाट्याने जात राहिल्या.

न्वे यीला एकटीला शंका होती. तिने त्याच्याबरोबर सत्तेचाळीस वर्षं काढली होती आणि त्यातल्या एकाही वर्षी त्याला तासभर गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. पण तिचीही तब्येत ठीक नव्हती. रक्तदाब वाढलेला, मधूनच घेरी यायची. सकाळी ती शिडीच्या खालच्या फळीवर भाजी धुवायला उतरायची तेव्हा शेजारची मा तिन येऊन वर बसायची, न जाणो तोल गेला तर.

असं दीड वर्ष गेलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला गावाच्या दवाखान्यात नवी परिचारिका आली. खिन थेट तिचं नाव. सगळे तिला सयामा म्हणायचे, म्हणजे बाई, शिकवणारी. वय तीस, तोंडाने फटकळ. ती न्वे यीचा रक्तदाब मोजायला घरी आली आणि जाता जाता सान प्वेकडे वळली.

"अबा, जरा ह्या स्टुलावर बसा. आता हात छातीशी घ्या आणि उठून दाखवा."

"मी काय सर्कशीतला आहे?"

"उठा तर."

तो उठला नाही. हसला. सयामा हसली नाही. ती खाली बसली आणि परवानगी न विचारता त्याची पोटरी दाबली, मग लुंगीवरूनच मांडी दाबली. एवढ्या वर्षांत त्याच्या मांडीला हात लावून कुणी असं गप्प झालं नव्हतं.

"हे ध्यान नाही," ती खालच्या आवाजात म्हणाली. न्वे यी स्वयंपाकघरात होती. "तुम्हाला उठता येत नाही. बरोबर?"

त्याने लुंगी घोट्यापर्यंत ओढून घेतली.

"ऐका. हे म्हातारपण कमी आणि बसणं जास्त आहे. बसून गेलेलं उठून परत येतं, ह्या वयातही येतं. रोज सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा ह्या स्टुलावरून उठायचं. सुरुवातीला खांब धरा. जमायला लागलं की हात सोडा, आकडा वाढवा, मग शिडी. मग स्वतःची होडी. अंडं खायचं, मासा खायचा, डाळ खायची. मठातल्या कुत्र्यांना अंडी कमी पडली तरी चालेल."

"आणि नाही केलं तर?"

"तर पडाल. पण तुमचं सोडा." तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "त्यांना घेरी येते. मुलगा डोंगरात. घर पार टोकाला. त्या पाण्यात पडल्या तर सात पायऱ्या उतरून खाली कोण जाणार आहे?"

हे सान प्वेने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने खरंच स्टूल घेतलं, खांब धरला, उठला. तीन वेळा. चौथ्या वेळी गुडघे असे कापायला लागले की तो स्टुलावर धपकन बसला, आणि स्टुलासकट कलंडता कलंडता राहिला.

"काय आपटलं?" आतून न्वे यी.

"काही नाही. व्यायाम. सयामाने सांगितलाय."

"अगं बाई! कितीदा?"

"दहा."

"झाले का?"

आता हे कसं सांगावं? "चार," तो म्हणाला. आणि मग बसल्या जागेवरून मोठ्याने, "पाच." थोडं थांबून स्टूल फळीवर खरवडलं. "सहा."

दुसऱ्या दिवशी त्याने एकदाही उठायचा प्रयत्न केला नाही. मांड्या ठणकत होत्या, आणि ठणका म्हणजे काहीतरी बिघडलंय असा त्याचा समज. तो स्टुलावर बसला, पायाने स्टूल वाजवलं आणि खणखणीत आवाजात दहापर्यंत मोजलं. स्वयंपाकघरातून न्वे यी त्याच्याबरोबर मोजत होती. असं सकाळ-संध्याकाळ, रोज. मला ह्या माणसाचा राग येतो, सांगून टाकतो. खोटं तर आपण सगळेच बोलतो. पण जी बाई आतून आपल्याबरोबर मोजत्ये, तिला फसवायला वेगळंच काळीज लागतं.

सयामा दोनदा आली. दोन्ही वेळा त्याने बो न्युनला आधीच सांगून ठेवलं होतं, अबा ध्यानात आहेत म्हणून सांग. तिसऱ्यांदा ती आली नाही. तिच्याकडे अकरा गावं होती.

न्वे यी मात्र खुलली. डिसेंबरात ती वीसपर्यंत मोजू लागली, कारण हा वीसपर्यंत मोजू लागला होता. जानेवारीत तिने मा तिनला सांगून टाकलं, "तू कशाला रोज खोळंबतेस? घरात पुरुष माणूस आहे. रोज चाळीस उठाबशा काढतो माझा म्हातारा." मा तिनला टोमॅटोची तोड होती. तिने यायचं बंद केलं. हे बोलणं सान प्वेने भिंतीपलीकडून ऐकलं. त्याला वाटलं, उद्या सांगू. उद्या पाहुणे आले. परवा उपोसथ होता.

मार्चमध्ये पाणी उतरतं. शिडीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर हिरवं बुळबुळीत साचलेलं असतं. त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास न्वे यी मोहरीचा पाला धुवायला खाली उतरली. सान प्वे देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकून होता. दार उघडंच होतं.

छपकन आवाज झाला. मोठा नव्हता.

"को प्वे!" तिचा आवाज आला. अजून घाबरलेला नव्हता, चिडलेला होता. "पडले मी! डावा हात हलत नाहीये. ये खाली!"

"आलो!"

तो उठायला गेला. मांड्या थरथरल्या आणि विझल्या. खांब दोन हात लांब होता. तो कोपरांवर सरपटत दारापर्यंत गेला आणि खाली डोकावला. न्वे यीने उजव्या हाताने घराच्या खालच्या खांबाला मिठी मारली होती. पाणी तिच्या हनुवटीला लागत होतं. तिला लहानपणापासून पोहता येत होतं, पण अर्धं अंग तिचं ऐकत नव्हतं.

"बघतोस काय? ये की!"

"येतो."

"रोज चाळीस वेळा उठतोस ना? मग सात पायऱ्या ये!"

त्याने हात खाली सोडला. तो पोचत नव्हता, निम्म्यापर्यंतही नाही. त्याने वळून पाय आधी शिडीवर टाकायचा प्रयत्न केला. पहिल्या पायरीवर भार दिला तसा गुडघा दुमडला आणि तो दारातच छातीवर आपटला. "न्वे यी," तो म्हणाला, "मला नाही..." तिने वर पाहिलं. एका क्षणात तिला सगळं कळलं असावं. तिने पुन्हा त्याला हाक मारली नाही. ती मान वळवून घरांमधल्या कालव्याकडे बघायला लागली.

कालव्यातून होडी येतच होती. बो न्युनच्या मेव्हण्याची, टोमॅटोच्या टोपल्यांनी भरलेली, इंजिन कान फोडत होतं. सान प्वेने दोन्ही हात जोडून वर केले, ओरडला, कपाळ उंबऱ्यावर आपटलं, पुन्हा हात वर केले. मेव्हण्याला दारात वंदना करणारे अबा दिसले. त्याने सुकाणू सोडून भक्तिभावाने हात जोडले आणि पुढे गेला. न्वे यी शिडीच्या पलीकडल्या बाजूला होती, ती त्याला दिसली नाही. होडीमागची लाट आली, एकामागून एक तीन. तिसरी ओसरली तेव्हा खांबापाशी फक्त पाला तरंगत होता.

तेव्हा सान प्वेने स्वतःला दारातून खाली लोटून दिलं. शेवाळ पायांत गुंतलं. पाय मारायला हवे होते, ते मारता आले नाहीत. लोक जमले तेव्हा तो खांबाला लटकून ओरडत होता. न्वे यीला शोधायला पाऊण तास लागला.

सातव्या दिवशी भिक्खूंना भोजन होतं. सगळं गाव आलं होतं. झॉ वेय रडून रडून सुजला होता. लोक एकमेकांना सांगत होते की ध्यानातून उठून अबांनी ह्या वयात बायकोसाठी पाण्यात उडी घेतली.

"मी ध्यानाला कधी बसलोच नाही," सान प्वे मोठ्याने म्हणाला. "मला उठता येत नव्हतं. दोन वर्षं मी तुम्हाला फसवलं. तिला व्यायाम करतो म्हणून बसून आकडे मोजले. म्हणून ती एकटी खाली गेली. मी मारली तिला."

मग बो न्युनची बायको डोळे पुसत म्हणाली, "केवढी ही विनम्रता." आणि हात जोडून वाकली. तिच्यामागे बाकीचेही वाकले.

सयामा दारापाशी उभी होती. ती एकटी वाकली नाही. सान प्वेने तिला जवळ बोलावलं. "उद्यापासून ये," तो म्हणाला. "मोजायचं तू."

ती आली. स्वतःला नाही जमलं त्या दिवशी मा तिनला पाठवलं, आणि मा तिन तोंडातून शब्द न काढता समोर बसून बघायची. पहिल्या दिवशी दोनदा झालं, खांब धरून. दहाव्या दिवशी सहा. त्याने अंडी खाल्ली, मासे खाल्ले, चव लागत नसताना खाल्ले. मांड्या ठणकायच्या, तो ठणका त्याला आवडायला लागला होता. दुसऱ्या महिन्यात हात छातीशी घेऊन दहा. मग शिडी, एक पायरी खाली आणि एक वर. झॉ वेय येऊन रडायचा, "अबा, ह्या वयात कशाला हाल करून घेता?" त्याला बापाने पहिल्यांदाच घराबाहेर काढलं.

जुलैमध्ये एका सकाळी सान प्वे सात पायऱ्या एकटा उतरला. खाली उभं राहून पाण्यात हात घातला, आणि कुणाला न धरता वर आला. सयामाला राहवलं नाही, तिने टाळ्या वाजवल्या.

"बघा अबा! म्हटलं होतं ना, परत येतं!"

तो उंबऱ्यावर बसला होता. "सुरू करून किती दिवस झाले?"

तिने वही उघडली. "एकशे बारा."

"आणि तू मला पहिल्यांदा स्टुलावर बसवलंस तिथपासून ती पडली तिथपर्यंत किती?"

सयामाने वहीची पानं मागे उलटली. बोटाने दिवस मोजत गेली, मध्येच थांबली, आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

"मी मोजलेत," सान प्वे म्हणाला. "एकशे अठ्ठावीस. त्याच दिवशी सुरू केलं असतं, तर ती पडायच्या सोळा दिवस आधी मी खाली उतरू शकत होतो."